उन्हाळ्यात शिबिर? तेही परभणीत?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. वर्गात मला एवढा वेळ सलग कुणी बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे ही संधी सोडत नाही.

मी सुट्टीत मुलांची निसर्ग शिबिरं घेतो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: परभणीत? मे महिन्यात? प्रश्न रास्त आहे. पारा बेचाळीसच्या वर असतो. पुण्या-मुंबईची मुलं सह्याद्रीत जातात, नाहीतर ताडोबा, नागझिऱ्याला. आपल्याकडे डोंगर म्हणजे जिंतूरकडचे, आणि दाट जंगल जवळपास नाहीच. म्हणून आम्ही वेळापत्रक उन्हाला विचारून ठरवलं. पहाटे साडेपाचला बाहेर, नऊच्या आत सावलीत. दुपारी चिंचेखाली चित्रं, गप्पा आणि झोप. संध्याकाळी पुन्हा बांधावर. रात्री अंथरुणावर पडून तारे.

चित्रांचं एक सांगतो. निसर्गाचं चित्र काढा म्हटलं की पहिल्या दिवशी निम्मी मुलं वाघ काढतात. त्यांच्या शिवारात वाघ नाही. टिटवी आहे, तिचं चित्र कुणी काढत नाही. मग दुसऱ्या पहाटे टिटवीकडे जायचं. नांगरलेल्या रानात, ढेकळांच्या मधे, उघड्यावर तिची अंडी असतात, बहुधा चार. रंग असा मातीचा, की दोन हातांवर उभं राहूनही दिसत नाहीत. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असं म्हातारी माणसं सांगतात. मी मुलांना ते खरं की खोटं सांगत नाही. जागा आणि तारीख वहीत लिहा, पावसाळ्यात ताडून बघा म्हणतो. पावशा ‘पेरते व्हा’ ओरडला की तीही तारीख वहीत.

पण मला खरं तर एका भुईमुगाच्या शेताबद्दल बोलायचं आहे.

आठवीतला एक मुलगा शिबिराच्या तिसऱ्या दिवशी म्हणाला, “सर, तुम्ही म्हणता प्राणी वाचवा. आमचा भुईमूग डुकरांनी उकरला. आता कुणाला वाचवायचं?” सगळी पोरं गप्प झाली. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या घरात हा प्रश्न पुस्तकातला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम रद्द करून आम्ही त्याच्याच शेतात गेलो. मुलांनी पावलं टाकून उकरलेल्या ओळी मोजल्या. रानडुकराचा खूर कोणता, रोह्याचा कोणता, हे मातीत बघितलं. रोह्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात, पण ती गाय नव्हे, हरणासारखा कुरंग आहे, हेही तिथेच कळलं. मुलाचे वडील आधी लांब उभे होते. मग हळूहळू रात्रीच्या राखणीचं सांगू लागले. गायरान नांगरलं गेलं, ओढ्याकाठची झुडपं तुटली, मग जनावरांनी जायचं कुठं, हे त्यांनीच सांगितलं. मला काही सांगावं लागलं नाही.

आपल्या पिढीला १९७२ म्हटलं की दुष्काळ आठवतो, सुकडी आणि मिलो आठवतो. त्याच वर्षी परभणीचं कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पीक आणि प्राणी दोन्हींची काळजी सरकारदरबारी एकाच वर्षी मांडली गेली, पण शेताच्या बांधावर ती अजून एकत्र आलेली नाही.

वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करता येतो, पंचनामा होतो, हे त्या घराला माहीत नव्हतं. अर्ज मुलांनी लिहिला. शुद्धलेखन मी तपासलं, एवढंच माझं काम. कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याबद्दलही बोलणं झालं. त्यात डुक्कर मरतं तसा माणूसही मरतो, आणि पोरं पहाटे त्याच बांधावरून जातात.

सापांचा एक तास असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायचे, धामणीला मारायचं नाही, आणि कुणाला चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना. या तासाला पालकही येऊन बसतात.

आता कामाचं. शिबिरात मुली कमी येतात. दिवसा पाठवतात, मुक्कामाला आई-वडील नाही म्हणतात, आणि ताऱ्यांचा भाग सगळा रात्रीचा. आमच्यात बाई माणूस एकही नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. वर्गातल्या मैत्रिणींपैकी दोघी-तिघींनी चार रात्री दिल्या तर यंदा मुलींचा मुक्काम होईल. पक्ष्यांची नावं आली नाहीत तरी चालेल, ती पोरी सांगतात. कुणाच्या शेतात जुनी विहीर असेल आणि तिच्यावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकत असतील, तर तेही सांगा.

नावं जेवणाच्या वेळी माझ्याकडे द्या. येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा.