समुद्रापलीकडचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



सभेत उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग आहे. गेल्या वर्षी आमच्या घरातले एक बिऱ्हाड, म्हणजे माझी धाकटी जाऊ, भावजी आणि त्यांची दोन मुले, ऑस्ट्रेलियात मेलबर्नला कायमचे राहायला गेले. त्यांचे सामान जहाजाने गेले आणि ते भरण्याचे काम आम्ही दोघी जावांनी केले. तेव्हापासून ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत अशा भगिनी मला बाजारात थांबवून विचारतात, काय नेले, कसे नेले, काय ठेवले. एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांग, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

परदेशी जाणे आपल्या बायकांना नवे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या आणि त्यांना पोचायला जवळजवळ दोन महिने लागले. पण त्या काळी माणूस आणि त्याची ट्रंक एकाच बोटीत असत. हल्ली माणसे विमानाने एका दिवसात पोचतात आणि सामान मागून समुद्राने येते. घरच्या दारापासून तिकडच्या दारापर्यंत सहा ते दहा आठवडे धरावेत. वाटेत सिंगापूर किंवा कोलंबोसारख्या बंदरात डबा दुसऱ्या जहाजावर चढवतात, तिथे जागा मिळाली नाही तर दिवस वाढतात. सगळी अडचण या मधल्या दिवसांत आहे आणि सगळे नियोजन त्यांच्यासाठीच करायचे असते.

डबा म्हणजे काय हे आपण पनवेलच्या बायकांना सांगायला नको. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरच्या ट्रेलरमागे आपली रिक्षा अडकते आहे. त्यातला लहान डबा वीस फुटी म्हणतात. तो आतून साधारण १९ फूट लांब, साडेसात फूट रुंद आणि पावणेआठ फूट उंच असतो आणि त्यात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. तेवढे सामान नसेल तर दुसऱ्यांच्या सामानाबरोबर वाटणीच्या डब्यात आपले जाते. मग जेवढी जागा आपण अडवू तेवढेच पैसे.

इथे मला सातवीत शिकलेले घनफळ उपयोगी पडले. मला इंग्रजी कागद नीट वाचता येत नाहीत, पण लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार कोणत्याही भाषेत सारखाच येतो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असे खोके घेतले तर ते साडेचार घनफूट होते. एका घनमीटरात सुमारे ३५ घनफूट असतात, म्हणजे अशी जवळजवळ आठ खोकी. आता आपले साडेसहा फुटी लोखंडी कपाट मोजा. तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल धरले तर ते एकटेच सहा खोक्यांपेक्षा जास्त जागा खाते. मी शिंप्याची टेप घेऊन घरभर हिंडले आणि वहीत प्रत्येक वस्तूपुढे तिचे घनफूट लिहिले. रात्री ती वही भावजींपुढे ठेवली, तेव्हा सोफा, दिवाण आणि कपाट यांचा प्रश्न वाद न होता मिटला.

विमानात वजन मोजतात आणि जहाजात जागा. नियमाप्रमाणे हजार किलोला एक घनमीटर असा हिशेब असतो आणि दोन्हींतले जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात, पण घरसामान काही तेवढे जड भरत नाही. म्हणून विमानाच्या हिशेबाने जी वस्तू नेणे वेडेपणा, ती जहाजाने नेणे शहाणपणाचे ठरते. कापसाच्या गाद्या महाग पडतात आणि पाटा-वरवंटा स्वस्त. सासूबाईंचा पाटा-वरवंटा माझ्या जावेच्या हाताचा होता, माझे हात मिक्सरला लागलेले. आम्ही तो काथ्याने घासून, धुऊन, तीन दिवस उन्हात ठेवला. त्याच्या टाक्यांत मातीचा कणही राहू दिला नाही, कारण ऑस्ट्रेलियाचे लोक मातीला फार भितात. तो तिथे पोचला आणि तपासणीत काही बोलणे झाले नाही.

मातीला का भितात, तर मातीतून, लाकडातून, बियांतून आपल्याकडचे किडे आणि रोग त्यांच्या शेतांत जातील म्हणून. प्रत्येक बिऱ्हाडाचा कागद तिथले सरकारी लोक पाहतात आणि संशय आला तर खोकी उघडतात. तपासणीचा खर्च आपला. लाकडाला भुंग्याची भोके दिसली तर धुरी देण्याचा खर्चही आपला, नाहीतर वस्तू नष्ट करतात. म्हणून सुपे, रोवळी, केरसुणी, वेताच्या टोपल्या मी यादीतून पहिल्यांदा काढल्या. चार पैशांच्या सुपाला तिकडे किती खर्च येईल! चपलांचे तळ, मुलांच्या सायकलीची चाके, कुंडीतले खुरपे हे ब्रशने घासायचे. तांदूळ, डाळी, बिया, सुपारी, गोवऱ्या, गोमूत्र काहीही खोक्यात नको. आंब्याच्या पेट्या मजबूत असतात म्हणून भरायला घेऊ नका, पेंढाही नको. फळांची, अंड्यांची खोकी त्यांना चालत नाहीत. लाकडी क्रेट करायचा असेल तर त्याच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का पाहून घ्या. ते लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवून किंवा धुरी देऊन निर्जंतुक केलेले असते, त्याची ती खूण.

जहाजाचे स्वतःचे नियम वेगळे. पेट घेणारे काही चालत नाही. गॅसचे सिलेंडर कोणी नेणार नाही हे खरे, पण देवाच्या डब्यात कापूर आणि काडेपेटी राहून जाते. कापूर हा जहाजवाल्यांच्या यादीत ज्वालाग्राही पदार्थ आहे. नखांचा रंग, फवाऱ्याचे डबे, उरलेला तेलरंग हेही काढायचे.

आता देवघराविषयी सांगते, कारण खरे दुखणे तिथे होते. आमचे देव धाकट्या भावजींकडे होते. जाऊ म्हणाली, "वहिनी, बाकी काही नको, देव मात्र माझ्याबरोबर येऊ देत." देव्हारा सागवानी, पण मागच्या फळीला बारीक भोके होती. ते एक. आणि देवांमधले टाक सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचे. आपल्याकडे १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, टाक, नाणे असे काही घरगुती माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि हस्तलिखित पोथीला तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. वस्तू तेवढी जुनी नसेल पण तशी दिसत असेल, तर पुरातत्त्व खात्याकडे फोटो जोडून अर्ज करून तसा दाखला आधी आणावा लागतो. नव्या पितळी मूर्तीसुद्धा दाखल्यावाचून अडतात असे ऐकून आम्ही दोन नव्या समयांचा आणि बाळकृष्णाचा फोटो काढून ठेवला, पावत्याही जपल्या. टाकांचे मात्र वय सांगणारे कोणी उरले नव्हते आणि आमच्याच हिशेबाने ते शंभरीच्या पुढचे निघत होते. खोटे लिहून न्यायचे नाही, यावर दोघी भावांआधी आम्ही जावा एकमत झालो. देव आमच्याकडे आले. जावेने सोनाराकडून चांदीचे नवे टाक करून घेतले, जुन्यांना लावून ठेवले आणि ते घेऊन गेली. ती रडली. मला मनातून बरे वाटले, ते खोटे कशाला सांगू? पण नैवेद्य मी तिच्या वाटचाही दाखवते.

कंपनी ठरवण्याचे काम पुरुषांवर टाकू नका, निदान समोर बसा. आम्ही तीन कंपन्यांना घरी बोलावून सामान पाहायला लावले आणि तिघांकडून लेखी दर घेतले. एकीचा दर फारच कमी होता. मी विचारले, "हा दारापर्यंतचा की बंदरापर्यंतचा?" तर तो मेलबर्नच्या बंदरापर्यंतचा निघाला. पुढे डबा उतरवणे, गोदामात उघडणे, कस्टमचे कागद, तपासणी, लॉरी, जिने हे सगळे तिकडे द्यावे लागले असते आणि तेही तिकडच्या डॉलरमध्ये. म्हणून हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर कागदावर घ्यावे.

यादी हा या सगळ्याचा कणा. प्रत्येक खोक्यावर दोन बाजूंना क्रमांक आणि वहीत क्रमांकापुढे आत काय आहे ते. नुसते 'स्वयंपाकघर' लिहून चालत नाही, 'स्टीलची पातेली ६, वापरलेली' असे लिहावे. 'वापरलेली' या शब्दाला महत्त्व आहे. निघण्याआधी बारा महिने स्वतःच्या मालकीच्या आणि वापरातल्या वस्तूंवर ऑस्ट्रेलिया कर घेत नाही, नव्या वस्तूंवर घेऊ शकते. म्हणून जाण्याच्या महिन्यात भांड्यांच्या दुकानात गर्दी करण्यात अर्थ नाही. यादीतले, जहाजाच्या पावतीतले आणि पासपोर्टातले नाव एकच हवे, माहेरचे की सासरचे हा घोळ तिथे नको.

यादी का हवी, ते आमच्याच सामानाने दाखवले. इथून ४२ खोकी गेली आणि तिकडे ४१ पोचली. कंपनीचा माणूस म्हणाला, एवढीच होती. जावेने वही दाखवली, २७ वे नाही आणि त्यात चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, मुलांचे स्वेटर आहेत. तीन आठवड्यांनी ते दुसऱ्याच कोणाच्या सामानात गोदामात सापडले. क्रमांक नसता तर कोणी शोधलेही नसते.

विमा काढावा. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातली काच फुटली तर विमेवाले सहसा भरपाई देत नाहीत, म्हणून काचेचे सामान कंपनीच्या माणसांकडून भरून घ्यावे आणि कपडे-भांडी आपण भरावीत. आणखी एक गोष्ट मला भावजींनी समजावली. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' नावाचे अजस्त्र जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले. सहा दिवसांनी निघाले, पण पैशाच्या भांडणात ते जुलैपर्यंत तिथेच अडकून पडले. जहाज वाचवण्याचा खर्च ज्यांचा माल त्यावर होता त्या सर्वांवर वाटला जातो, असा समुद्रावरचा फार जुना कायदा आहे. विमा असेल तर ती वर्गणी विमा भरतो. नसेल तर आपली खोकी सोडवायला आपण भरायची.

भरताना ओलावा सांभाळा. डबा उन्हात तापतो, रात्री गार होतो आणि आत छतावरून पाणी ठिबकते. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात भरलेल्या साड्या त्या पाण्यात कुजतील. जमल्यास दिवाळीनंतर भरा, सर्व कोरडे ठणठणीत करून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून. जरीच्या साड्या मलमलीत गुंडाळाव्या, वर्तमानपत्रात नाही, शाई लागते.

विजेच्या सामानाचे थोडक्यात सांगते. ऑस्ट्रेलियाची वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे मिक्सर चालतो, नुसती पिन बदलते. अमेरिकेत आणि कॅनडात १२० व्होल्ट आहे, तिथे आपला मिक्सर नेऊ नये. गॅसची शेगडी कुठेच नेऊ नका, ऑस्ट्रेलियात तर तिकडची मान्यता नसलेली शेगडी जोडताच येत नाही.

सामान येईपर्यंतचा संसार विमानाच्या बॅगेत न्यायचा असतो. एक लहान कुकर, तवा, पोळपाट-लाटणे, चार ताटे-वाट्या, दोन चादरी, मुलांची पुस्तके, औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. लाटणे लाकडाचे आहे आणि मसाला खाण्याचा, दोन्ही विमानतळावरच्या कागदात कबूल करावे. कबूल केलेले दाखवून सुटते, लपवलेले सापडले तर जबर दंड होतो. दागिने आणि कागदपत्रे कधीही खोक्यात घालू नयेत. दागिने अंगावर किंवा हातात आणि निघताना इथल्या कस्टमकडून त्यांचा दाखला करून घ्यावा, म्हणजे पुढे माहेरपणाला येताना हे सोने कुठले, असे कोणी विचारणार नाही.

आमच्या वहीची झेरॉक्स मी चिटणीसबाईंकडे ठेवली आहे, ज्यांना हवी त्यांनी उतरून घ्यावी. शेवटच्या दोन पानांवर न नेलेल्या वस्तू आहेत. त्यांतले बरेच वाटून झाले. एक पुरणयंत्र, दोन पितळी पराती आणि विळी अजून माझ्याकडे आहेत. जावेने सांगितले आहे, वापरणारीला द्या, शोभेला ठेवणारीला नको. ज्यांना हवे असेल त्यांनी रविवारी दुपारी घरी यावे.