शॉक बसला, पण वादळ थांबलं नाही

आज कोडिंग नाही, घरातली गोष्ट सांगतो.

माझ्या बाबांच्या छातीत कॉलरबोनखाली एक छोटं यंत्र बसवलंय, आयसीडी. हृदयाचे ठोके जीवघेण्या वेगानं सुटले की ते आतूनच शॉक देतं. गेल्या वर्षी एका रात्री बाबांना शॉक बसला. "आता बरं वाटतंय, सकाळी बघू," म्हणाले. अर्ध्या तासात दुसरा, मग तिसरा. आई म्हणाली, "अहो, आता सकाळ-बिकाळ काही नाही!" मी १०८ ला फोन लावला.

२४ तासांत लय अशी तीन किंवा जास्त वेळा बिघडली तर डॉक्टर त्याला 'इलेक्ट्रिकल स्टॉर्म' म्हणतात. विजेचं वादळच.

मला वाटायचं, यंत्र आहे ना, मग काळजी कसली? इथेच चुकलो. शॉक त्या क्षणाची बिघडलेली लय मोडतो, पण ती बिघडण्याचं कारण तसंच राहतं. उलट वेदनेनं आणि भीतीनं अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि पुढच्या झटक्याला तेच खतपाणी घालतं. आपल्या भाषेत सांगू? सर्व्हर आधीच दबलाय आणि सगळे क्लायंट रिट्राय मारत सुटलेत. नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही, लोड कमी करावा लागतो.

ते काम औषधं करतात. बाबांना शिरेतून अमिओडॅरोन दिलं. पहिला डोस साधारण १५० मिलिग्रॅम, दहा मिनिटांत, आणि मग ड्रिप. जोडीला बीटा ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारं औषध. २०१८ च्या एका अभ्यासात आयसीडी असलेल्या ६० रुग्णांचं वादळ शमवायला मेटोप्रोलॉलपेक्षा जुनं प्रोप्रानोलॉल सरस ठरलं. शिवाय पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं आणि झोपेचं औषधही दिलं. मन शांत करणं हाही इथे उपचारच असतो बरं का.

पण सगळ्यांना एकच औषध चालत नाही. ईसीजीमध्ये 'क्यूटी' लांबल्यामुळे होणाऱ्या प्रकारात मॅग्नेशियम देतात आणि अमिओडॅरोन टाळतात, कारण ते क्यूटी आणखी लांबवतं. म्हणून घरातली गोळी स्वतःच्या मनानं द्यायची नाही. आधी ईसीजी, मग औषध.

तुमच्या घरी कुणाला आयसीडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. एक शॉक बसला आणि बरं वाटतंय, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. २४ तासांत दोन किंवा जास्त बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखतंय, धाप लागतेय, चक्कर येतेय, तर थेट १०८. माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. यंत्र असलं तरी दाबायचं.

बाबा आता ठीक आहेत. हा नियम आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. वर आईनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'सकाळी बघू म्हणायचं नाही.'

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!