नात्यांमधून नियम शोधणारा संगणक

एखादा रेणू तक्त्याच्या एका ओळीत मावत नाही. कोणता अणू कोणाला कोणत्या बंधाने जोडला आहे, यावर त्याचे गुणधर्म ठरतात. अशा नात्यांमधून नियम शोधणारी संगणकशास्त्राची शाखा म्हणजे विगामी तर्क-प्रोग्रॅमिंग. स्टीफन मगलटन यांनी १९९१ मध्ये तिची मांडणी केली.

तिची रीत अशी. संगणकाला होकारार्थी आणि नकारार्थी उदाहरणं द्यायची, सोबत त्या विषयाचं आधीचं ज्ञानही द्यायचं. मग तो पहिल्यांना लागू पडणारा आणि दुसऱ्यांना वगळणारा नियम शोधतो.

१९९६ मध्ये रॉस किंग, मगलटन, अश्विन श्रीनिवासन आणि मायकेल स्टर्नबर्ग यांनी २३० नायट्रो संयुगांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. कोणती संयुगं जनुकांत बदल घडवतात, हा प्रश्न होता. केवळ अणू आणि बंधांच्या माहितीवरून ‘प्रोगॉल’ या विगामी तर्क-प्रोग्रॅमिंगच्या प्रणालीने धोक्याची एक नवी रचनाखूण शोधली: पाच अणूंच्या वलयाला जोडलेला विशिष्ट दुहेरी बंध.

असा नियम रसायनतज्ज्ञाला वाचता येतो, तपासता येतो, खोडूनही काढता येतो. आरोग्यासारख्या क्षेत्रात यंत्राकडून उत्तरासोबत कारणही मागायलाच हवं.