तीन चित्रपट आणि एक दगड

मी काही चित्रपटांचा टीकाकार नव्हे. साधा शौकीन आहे. पडदा दिसला की बसकण मारायची, एवढेच माझे शिक्षण. या सुट्टीत शाळकरी पोरांच्या गोष्टी सांगणारे तीन मराठी चित्रपट पाठोपाठ पाहिले. त्यांच्याविषयी मनात आले ते भीड न ठेवता सांगतो.

पहिला आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई'. १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. वनमालाबाईंची आई पाहताना आजही घसा दाटून येतो. पण खरे सांगू? मधूनमधून मला वर्गात बसल्यासारखे वाटले. प्रसंग संपला की बोध हजर! प्रसंगच इतका बोलका, तर बोध वेगळा कशाला?

दुसरा 'टिंग्या', मंगेश हाडवळे यांचा, २००८ सालचा. टिंग्याचा बैल चितंग्या जायबंदी होतो. बाप कर्जात बुडालेला. बैल खाटकाला विकल्यावाचून त्याला गत्यंतर नाही. पोरगा विचारतो, शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिला औषधपाणी, मग माझ्या चितंग्यालाच खाटीक का? आपल्यापैकी ज्यांच्या दावणीला बैल होता, त्यांनी याचे उत्तर द्यावे. मला सुचले नाही. शरद गोयेकर या मुलाचे काम तर असे, की ते काम वाटतच नाही. तक्रार एकच. काही ठिकाणी चित्रपट आपल्याला रडवायचेच म्हणून हटून बसतो.

तिसरा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', २०१३ सालचा. जब्या हा कैकाडी घरातला शाळकरी पोर. त्याचे मन शालू नावाच्या वर्गातल्या मुलीत गुंतलेले, आणि नशिबी आले गावातली डुकरे धरणे. दोष आधी सांगतो. शालू नुसती दुरून दिसते; तिच्या मनात काय आहे, ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता डुकराच्या पाठलागाचा प्रसंग ऐका. सारे घर डुकरामागे धावते आहे. डुक्कर हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. घरची माणसेही थबकतात. डुक्कर मात्र निसटते! मी खो खो हसलो. पुढे पडद्यावरचे गावकरीही त्या कुटुंबाची फजिती बघून हसू लागले, आणि माझे हसू ओठांतच विरले. मी कोणाच्या रांगेत बसलो होतो, ते मला त्या क्षणी उमगले. मग धरलेले डुक्कर खांद्यावरून वाहून नेताना पाठीमागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर फुले, आंबेडकर यांची चित्रे आहेत. तिथे कोणी एक शब्द बोलत नाही. बोलायची गरजच नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याच रोखाने येतो.

म्हणून माझ्यापुरते मत असे: 'श्यामची आई' आपल्याला आईच्या कुशीत बसवतो, 'टिंग्या' पोराच्या शेजारी, आणि 'फँड्री' हसणाऱ्यांच्या घोळक्यात. तिसरी जागा सर्वांत अवघड.

गुरुजींना एक विनंती. मुलांना चित्रपट दाखवलात, तर तात्पर्य विचारू नका. एवढेच विचारा, "बाळांनो, या गोष्टीत तुम्ही कुठे उभे होता?" आणि मुलांनी तोच प्रश्न उलट विचारला, तर खरे उत्तर द्या.