पेशीतला मांडव



पावसाळ्यात आपल्या बेळगावकडच्या कुंपणांवर कळलावी फुलते, तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी. तिचा कंद विषारी. कोणी तो रताळे समजून खाल्ला, तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग रक्तपेशी घटतात, आणि माणूस वाचलाच तर दोन-तीन आठवड्यांत केस झडतात. (आम्हां जैनांना कंदमुळे वर्ज्य, निदान या कंदाची तरी आम्हांला धास्ती नाही.) आतडे, अस्थिमज्जा आणि केसांची मुळे यांवरच घाला का? तिथल्या पेशी सतत विभागत असतात म्हणून.

विभागताना पेशीला गुणसूत्रांची सारखी वाटणी करावी लागते. त्यासाठी ती तात्पुरता मांडव घालते. त्याचे बांबू म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जोड्या एकापुढे एक लागून दोरी होते. अशा बहुधा १३ दोऱ्यांची एक पोकळ नळी. जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चाळीस हजारावा भाग. मुहूर्तमेढ मात्र लागतेच. गॅमा-ट्युब्युलिन हे त्याचेच भावंड इतर प्रथिनांसह एक कडे तयार करते आणि त्यावर नळी उभी राहते. मुकादम कोणी नाही. पुढची जोडी कुठे बसायची, हे प्रथिनाच्या घडणीतच असते.

प्रत्येक जोडी जीटीपी नावाची शिदोरी घेऊन येते आणि नळीत बसल्यावर ती खर्चते. टोकाला ताज्या जोड्या आहेत तोवर नळी टिकते. त्या संपल्या की भराभर उसवते. हे मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवले.

कळलावीतले कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटते आणि नळी वाढू देत नाही. किंबहुना हे प्रथिन हाती लागले तेच या विषामुळे: १९६७ च्या सुमारास शिकागोत बोरिसी आणि टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन कशाला चिकटते याचा माग काढला. उलट, यू वृक्षाच्या सालीतले टॅक्सॉल मांडव उतरूच देत नाही, असे सुझान हॉर्विट्झ यांना १९७९ मध्ये आढळले. गंमत अशी की विभाजन दोन्हींनी अडते. कर्करोगावर टॅक्सॉल वापरतात ते त्यामुळेच.

दवाखान्यात पुष्कळजण विचारतात, ‘डॉक्टर, झाडपाल्याचेच आहे ना, मग अपाय कसला?’ गाऊटच्या दुखण्यावर कोल्चिसिनची गोळी आजही देतात, पण ती अगदी मोजून. मूत्रपिंडे थकलेली असतील, तर तेवढीही मात्रा अंगावर येऊ शकते. कंदात किती विष आहे, ते तर कोणी मोजूनही दिलेले नसते.