दूर बसून घरच्या संगणकावरील खाती बदलताना
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आज मला जो विषय सोपविण्यात आला आहे, तो प्रथमदर्शनी रूक्ष वाटण्याचा संभव आहे. घरच्या संगणकावरील वापरकर्त्यांची खाती दूर बसून कशी बदलावीत, हा तो विषय होय. आपणांपैकी पुष्कळजण नोकरीनिमित्त घरापासून लांब राहतात. घरी वृद्ध आईवडील, शिकणारी मुले आणि त्या सर्वांत मिळून एक संगणक, अशी स्थिती आता अनेक कुटुंबांत आहे. त्यात काही अडले की फोन येतो तो आपणांस. आणि आपण शाळेच्या गावी, भाड्याच्या खोलीत बसून त्या संगणकात शिरतो व दुरुस्ती करतो. ही सोय मोठी आहे. तथापि ज्या किल्लीने दार उघडते, तिनेच ते बंदही होते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वतःच्या चुकीतून शिकलो. म्हणूनच आपणांपुढे बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम खाते म्हणजे काय ते पाहू. एका यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे, तर प्रत्येकाचे दप्तर वेगळे हवे, ही कल्पना आजची नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी रचना चालवून दाखविली. त्या रचनेत प्रत्येकाचे कागद त्याच्यापुरते राहावेत म्हणून परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, वापरात आला. पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी जी युनिक्स प्रणाली घडविली, तीत सर्वाधिकार असलेले एक खाते आणि मर्यादित अधिकारांची इतर खाती असा भेद स्पष्ट झाला. विंडोजच्या घरगुती संगणकांवर ही वाट खऱ्या अर्थाने २००१ साली, एक्सपी आल्यावर रुळली.

आजही मुख्य प्रकार दोनच आहेत. एक व्यवस्थापकाचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते. दुसरे साधे, म्हणजे स्टँडर्ड खाते. शाळेतील उदाहरण घ्यावयाचे तर, कपाटाच्या किल्ल्या मुख्याध्यापकांकडे असतात आणि वर्गशिक्षकाकडे आपल्या वर्गाचा हजेरीपट असतो. वर्गशिक्षकाला त्याचे रोजचे काम अडत नाही. परंतु दुसऱ्या वर्गाच्या हजेरीपटावर तो खाडाखोड करू शकत नाही. साध्या खात्याचे तसेच आहे. लिहिणे, वाचणे, पत्र पाठविणे हे सर्व त्यात होते. मात्र संपूर्ण संगणकात बदल करणारा कार्यक्रम बसविण्यास व्यवस्थापकाची संमती लागते. म्हणून रोजचे काम साध्या खात्यात करावे आणि व्यवस्थापकाचे खाते कारणापुरते उघडावे, हा नियम हितावह होय.

आता माझी चूक सांगतो. आमच्या गावच्या घरी एक संगणक आहे. माझे वडील, नाना, हे निवृत्त शिक्षक. आपल्या सेवाकाळातील आठवणी आणि कोणत्या वर्षी कोणती मुले वर्गात होती याच्या याद्या ते त्यावर हळूहळू टंकलिखित करीत असतात. त्याच संगणकावर माझा पुतण्या खेळ खेळे आणि मनास येईल तो कार्यक्रम उतरवून घेई. सर्वांचे खाते एकच, आणि तेही व्यवस्थापकाचे! एके दिवशी यातून नानांचे लेखन नष्ट होईल, या भीतीने मी ही व्यवस्था बदलावयाचे ठरविले. हेतू चांगला होता. कृती मात्र उतावळेपणाची झाली.

एका रविवारी रात्री मी दुरून संगणकात शिरलो. नानांसाठी एक साधे खाते काढले, पुतण्यासाठी दुसरे काढले आणि व्यवस्थापनासाठी तिसरे. घाई असल्यामुळे त्या तिसऱ्या खात्यास परवलीचा शब्द दिला नाही. तो सवडीने देऊ, असे मनाशी म्हटले. नंतर जुन्या खात्याचे अधिकार काढून ते साधे केले आणि बाहेर पडलो. सोमवारी सकाळी नानांना फोनवर एवढेच सांगितले, की आता तुमच्या नावावर दाबून आत जा.

नाना आत गेले. समोर कोरा पडदा! त्यांचे सर्व कागद जुन्या खात्यात सुरक्षित होते. परंतु नव्या खात्यातून ते दिसत नव्हते. आपल्याच हातून काही चुकीचे दाबले गेले आणि तीन वर्षांचे लेखन पुसले गेले, अशी त्यांची समजूत झाली. ते कोणास काही बोलले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी आईचा फोन आला, "अरे, यांचे जेवणात लक्ष नाही. त्या यंत्रापुढे नुसते बसून असतात. काय झाले ते तू तरी विचार."

मी तत्काळ संगणकात शिरण्याचा प्रयत्न केला आणि दार बंद असल्याचे आढळले. कारण असे की, रिमोट डेस्कटॉप या सोयीने व्यवस्थापकास आपोआप प्रवेश मिळतो. साध्या खात्यास तो मिळण्यासाठी त्याचे नाव प्रवेशाच्या यादीत मुद्दाम घालावे लागते. जुने खाते साधे होताच त्याचा प्रवेश गेला. नवे खाते व्यवस्थापकाचे होते खरे. परंतु ज्या खात्यास परवलीचा शब्द नाही, त्यास दुरून आत येऊ द्यावयाचे नाही, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे. संगणकावरील शेवटच्या व्यवस्थापकाचे अधिकार विंडोज काढू देत नाही. मात्र उरलेला व्यवस्थापक दुरून आत येऊ शकतो की नाही, याची चौकशी ते करीत नाही. ती आपण करावयाची असते. ज्या फांदीवर बसलो होतो, तीच मी तोडली होती.

अखेर नानांनाच फोनवर घेतले. संगणकासमोर बसलेल्यास ते बिनशब्दाचे खाते उघडता येत होते. पडद्यावर काय दिसते ते नाना वर्गात वाचून दाखवावे तसे मोठ्याने वाचीत आणि मी सांगेन ते दाबीत. वीस-पंचवीस मिनिटांत त्यांनी त्या खात्यास परवलीचा शब्द दिला आणि मला आत घेतले. मग मी जुन्या खात्यातील कागद त्यांच्या नव्या खात्यात आणून ठेवले. आपल्या याद्या जशाच्या तशा पाहून ते एवढेच म्हणाले, "अरे, माझे दप्तर हलविणार होतास, तर आधी मला विचारायचे होतेस." बंधुभगिनींनो, त्यांचे हे वाक्य मी आजच्या विषयाचे सार समजतो.

त्या अनुभवातून जो क्रम मी स्वतःस घालून घेतला, तो आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, विचारल्याशिवाय हात लावू नये. कोणते खाते कोणाचे, कशासाठी बदलावयाचे, नंतर पडदा कसा दिसेल, हे घरच्या माणसास आधी सांगावे आणि त्याच्या कागदांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी.

दुसरी गोष्ट, माणसास त्याच्या दप्तरापासून तोडू नये. ज्याचे कागद जुन्या खात्यात आहेत, त्याच्याकडेच ते खाते राहू द्यावे आणि व्यवस्थापनासाठी नवे काढावे. मी याच्या उलट केले. खात्याचे नाव बदलावयाचे असल्यास ते बदलता येते. मात्र आतील फोल्डरचे नाव पूर्वीचेच राहते, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट क्रमाची. आधी नवे व्यवस्थापक खाते काढावे व त्यास भक्कम परवलीचा शब्द द्यावा. केवळ पिन देऊन भागत नाही. पिन त्या संगणकासमोर बसणाऱ्यासाठी असतो, दुरून येणाऱ्यास शब्दच लागतो. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करवावा आणि त्या नव्या खात्याने दुरून एकदा आत जाऊन पाहावे. हे सर्व साधले, तरच जुन्याचे अधिकार कमी करावेत. पदभार घेणारा हजर होऊन यादीवर सही करीपर्यंत आपण किल्ल्या खाली ठेवीत नाही. तोच हा न्याय.

चौथी गोष्ट साधनाची. विंडोजच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने आत येता येत नाही. त्यास प्रोफेशनल आवृत्ती लागते. म्हणून अनेकजण एनीडेस्कसारखा कार्यक्रम वापरतात. तो जर तेवढ्या वेळेपुरताच चालविलेला असेल, तर खाते बदलताच संबंध तुटतो आणि अधिकाराची संमती मागणारी चौकट दूरच्या माणसास दिसत नाही. तो कार्यक्रम संगणकावर कायमचा बसविलेला असावा, किंवा घरी कोणीतरी समोर बसलेले असावे.

पाचवी गोष्ट, रजा घेण्याचे दोन प्रकार ओळखावेत. डिस्कनेक्ट म्हणजे नुसते दार ओढून घेणे. आतील कामे तशीच चालू राहतात. साइन आउट म्हणजे सर्व आवरून बाहेर पडणे. शिवाय घरगुती विंडोजवर एका वेळी एकासच पडदा मिळतो. आपण रिमोट डेस्कटॉपने आत शिरलो, की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो. म्हणून वेळ ठरवूनच जावे.

सहावी गोष्ट परवलीच्या शब्दाची. तो ज्याचा त्याने बदलावा हे उत्तम. आपण रिमोट डेस्कटॉपने त्याच्या खात्यात असताना कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबल्यास ते आपल्याच संगणकास लागू होते. तेथे डिलीटऐवजी एंड दाबावे. व्यवस्थापकाने दुसऱ्याच्या स्थानिक खात्याचा शब्द बळाने बदलला, तर त्या खात्यातील कूटबद्ध कागद व साठवलेले इतर शब्द हातचे जाण्याचा धोका असतो.

सातवी गोष्ट, नको असलेले खाते लगेच पुसू नये. खात्याबरोबर त्यातील कागदही जातात. एक-दोन महिने ते तसेच ठेवावे आणि कोणाचे काही अडत नाही याची खात्री झाल्यावरच काढावे.

आठवी गोष्ट सावधगिरीची. रिमोट डेस्कटॉपचे दार, म्हणजे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, घरच्या राउटरवरून उघड्या जगास मोकळे करून ठेवू नये. त्या दारावर थाप मारीत फिरणारे लोक जगभर आहेत. खाजगी जोडणीच्या, म्हणजे व्हीपीएनच्या, वाटेनेच जावे.

शाळेतील संगणकासही हेच नियम लागू आहेत. बदलीच्या वेळी आपण जडवस्तूंची यादी करतो, दाखल-खारीज रजिस्टर मोजून देतो. परंतु संगणकाच्या व्यवस्थापक खात्याचा शब्द पुष्कळदा आपल्याबरोबरच परगावी जातो आणि मागे राहिलेल्या बंधूस बंद कपाट मिळते. चार्जच्या यादीत ही एक ओळ वाढवावी, अशी माझी विनंती आहे. शब्द यादीत लिहू नये. तो बंद पाकिटात द्यावा आणि घेणाऱ्याने हजर होताच बदलावा.

आमच्या घरी आता ते पाकीट नानांच्या पेटीत असते. त्या संगणकात जाण्यापूर्वी मी फोन करून विचारतो, "नाना, येऊ का?" ते हातातील ओळ पुरी करतात आणि म्हणतात, "ये." दूरचे काम निर्वेध होण्यास यंत्राच्या परवानगीइतकीच ही परवानगीही आवश्यक आहे, असे मला वाटते.