नाण्यावर आईचं नाव

मंगळवार पेठेतल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

बैठकीत आपण पैसे दोनदा मोजतो, पण नाण्यावर काय छापलंय ते बघत नाही. आज तेवढंच बघूया.

दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये बाजारहाटाला तांब्या-पितळेची नाणी चालायची. त्यांवर बादशहाचा चेहरा असायचा. तेव्हा छापील कागद नव्हता, रेडिओ नव्हता. गादीवर कोण बसलंय, हे नाण्यावरूनही घरोघरी कळायचं. कॅलिगुला नावाच्या बादशहानं (इ.स. 37 ते 41) तर पितळेच्या मोठ्या नाण्यावर आपल्या वारलेल्या आईचा, अग्रिपिनाचा चेहरा छापला. ती पहिल्या बादशहाची, ऑगस्टसची नात. आईचं नातं दाखवून मुलगा गादीवरचा हक्क सांगत होता.

रोम लांबचं वाटतं ना? पण पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत तिकडची कांस्याची मूर्ती सापडली आहे. समुद्रदेव पोसायडनची ती छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1945-46 साली या टेकडीवर उत्खनन केलं होतं.

साधारण त्याच जमान्यात आपल्या कोल्हापुरात कुर राजांची शिशाची आणि तांब्याची नाणी चालायची. त्यांवर राजाचा चेहरा नाही. एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. आणि अक्षरं काय? ‘वासिठीपुत विळिवायकुर’, ‘माढरीपुत सिवलकुर’. म्हणजे वासिष्ठीचा मुलगा, माढरीचा मुलगा. राजाची ओळख आईवरून! हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, माहेरच्या गोत्राचं आहे. तरी बाजारातल्या प्रत्येक हातात ते जात होतं.

आता आपलं बघा. गटाचं कर्ज बाईच्या नावावर, हप्ता ती फेडते, म्हैस तिच्या पैशानं येते. घराच्या उताऱ्यावर मात्र बऱ्याच जणींचं नाव नसतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर त्याच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव लिहायचं, असा आपल्या राज्यात नियम झालाय. घरात बाळ आलं असेल तर दाखला वाचून घ्या. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. तलाठ्याकडे चौकशी करा.

पुढच्या बैठकीला पासबुकासोबत घराचा उतारा आणि असला तर सातबाराही आणा. कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते एकत्र बसून वाचू.